दगाजी मास्तरांच्या आईचं मरण

हल्ली मला व्याख्यानाला बोलावतात तेव्हा ओळख करून देणारा माणूस हमखास म्हणतो, की बाईंच्या घरात संगीताची परंपरा होती. मी मान खाली घालून ऐकते. परंपरा होती ती अशी : धुळ्याच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत 'स्वरपांझरा' नावाच्या ऑर्केस्ट्राचं सामान पडलेलं असे, आणि त्या सामानातल्या कीबोर्डची पिन सैल होती. ती पिन घट्ट असती तर मी कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवून आतापर्यंत निवृत्त झाले असते. त्याऐवजी लोकप्रिय गाण्यांच्या इतिहासावर पुस्तकं लिहीत बसले. विद्यापीठातल्या लोकांनी ती वाचली नाहीत, गाणी ऐकणाऱ्यांनी तर नाहीच नाही, पण चुका मात्र दोघांनी काढल्या. सगळ्यात जास्त चुका निघाल्या त्या दगाजी मास्तरांच्या आईच्या बाबतीत. ती बाई कधी मेली याबद्दल खानदेशात अजूनही माझ्यापेक्षा इतरांना जास्त माहिती आहे, म्हणून हे प्रकरण.

नाना, म्हणजे माझे वडील, दिवसा बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं, हे काम. तिथं ते एक शब्द जास्तीचा बोलत नसत. 'यावल गाडी फलाट क्रमांक चार', संपलं. संध्याकाळी मात्र हाच माणूस सफारी चढवून, केसांना तेल चोपडून ऑर्केस्ट्राचा निवेदक व्हायचा, आणि दिवसभर अडवून धरलेलं सगळं बोलणं एकदम सोडून द्यायचा. भाषाही बदलायची. घरात अहिराणी, केबिनमध्ये सरकारी, आणि स्टेजवर अशी काही मराठी, की ती बोलणारा माणूस घरी येऊन ठेच्याला मीठ कमी म्हणून कुरकुरतो यावर कोणाचा विश्वास बसला नसता. आई म्हणायची, "तुना नाना दिनभर खरं बोलस, सांजले खोटं बोलस. खरं कोनी ध्यान दिसन ऐकत नही, खोटंले टाळ्या पडतस." आईला हे फार गमतीचं वाटे. तिनं नानांना कधी अडवलं नाही, आणि त्यांच्या एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी घरात उन्हं उतरायच्या आधीच जेवणं व्हायची. आई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरी थापत असे, बाजूला हिरव्या मिरच्या आणि लसूण तेलात तडतडत असत, आणि त्या झणझणीत धुरानं अर्धा ऑर्केस्ट्रा खोकत असे. गाणाऱ्यानं तिखट खाऊ नये असं पुस्तकांत असतं. आमचा मुख्य गायक ठेचा खाल्ल्याशिवाय वरच्या पट्टीत जायचाच नाही. तबलजी एका हातानं भाकरी मोडत दुसऱ्या हातानं हातोडीनं तबला ठोकायचा, शेजारी कोणाचं तरी शिलाई मशीन घरघरत असे, आणि कीबोर्डवाला वायर नाकाशी धरून ती कुठं तुटली असेल याचा अंदाज घेत असे. ती कुठंच तुटलेली नसे. पिन सैल होती. हे त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं, पण तो विज्ञान शाखेचा पदवीधर होता.

ऑर्केस्ट्राचा निवेदक म्हणजे गाण्यांचा जाणकार, असं लोक समजतात. खरं तर तो भगदाडं बुजवणारा माणूस असतो. गायिका साडी बदलायला गेली आहे, तबला उतरला आहे, कीबोर्डवाला पालथा पडून वायर चाचपतो आहे, अशा वेळी पुढं उभं राहून कोणी तरी बोलत राहायला हवं. नाना बोलत राहायचे. नुसता तबला लावायचा असला की गाण्याचा इतिहास आटोपशीर असे. साडी बदलायची असली की त्यात संगीतकाराचं खडतर बालपण यायचं. वीजच गेली तर मग विचारू नका, माइकशिवाय, खणखणीत आवाजात, नायिकेच्या फसलेल्या लग्नापासून तिच्या संन्यासापर्यंत सगळं यायचं. आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीला गाण्यांचा जो इतिहास ठाऊक आहे त्याची लांबीरुंदी अशी वायरिंगनं ठरवलेली आहे. हे मी मागे एका परिसंवादात सांगितलं, तेव्हा समोरच्या प्राध्यापकांनी 'मौखिक परंपरेची लवचिकता' असं टिपून घेतलं. मी पिनेबद्दल बोलत होते.

दगाजी मास्तर असेच एका भगदाडात जन्मले. असोद्याला गणपतीतला कार्यक्रम होता. पुढचं गाणं कोणतं होतं ते मी लिहीत नाही, नाव लिहिलं की कोणाचा तरी नातू फोन करतो. सुरुवातीला मेंडोलिनचा एक लांबलचक तुकडा आहे, एवढं सांगितलं की पन्नाशीपुढचे वाचक आपोआप गुणगुणायला लागतील. गाणं सुरू होणार तोच अॅम्प्लिफायरमधून धूर आला. नाना पुढं झाले आणि म्हणाले, की रसिकहो, हा तुकडा वाजवणारे हात आपल्याच मातीतले आहेत. हात म्हटल्यावर माणूस हवा, माणूस म्हटल्यावर गाव हवं. एरंडोलकडचे कोणी दगाजी मुंबईच्या स्टुडिओंत मेंडोलिन वाजवतात असं नानांनी कुठं तरी ऐकलं होतं. त्यांनी ते नाव घेतलं. शिट्ट्या पडल्या. केळीच्या बागा सोडून आलेली माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. पण अॅम्प्लिफायर अजून थंड झाला नव्हता. म्हणून नानांनी दगाजी मास्तरांची आई मारली.

"इकडे ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागलेला," नाना आवाज उतरवून म्हणायचे, "आणि तिकडे दाराशी गावाहून आलेला माणूस निरोप घेऊन उभा. माऊली गेली! दगाजी मास्तरांनी निरोप ऐकला, डोळे मिटले, आणि मेंडोलिन छातीशी धरलं. रसिकहो, आता तुम्ही ऐकणार आहात तो सुरांचा तुकडा नाही. तो एका लेकराचा हुंदका आहे." एवढं झालं की बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांकडे जायचे. मग गाणं सुरू व्हायचं. आमच्याकडे मेंडोलिन नव्हतंच, कीबोर्डवर मेंडोलिनचं बटण होतं, तो हुंदका त्या बटणातून निघायचा. मीही रडायची. मला माझी स्वतःची आजी आठवत नाही, पण दगाजी मास्तरांच्या आईसाठी मी लहानपणी किती वेळा रडले असेन. पुढं पुढं गोष्ट वाढली, संगीतकार मास्तरांच्या पाया पडायला लागला, नायिका सुतकात राहायला लागली. गाण्याआधी गोष्ट झाली नाही तर लोक गाणं सुरू होऊ देत नसत. बसस्थानकावर माणसं केबिनकडे बोट दाखवून एकमेकांना सांगायची, हाच तो माऊलीची गोष्ट सांगणारा. नानांची जी काही किंमत होती ती त्या एका गोष्टीमुळे होती. फक्त एरंडोलच्या कार्यक्रमाची सुपारी ते कधी घेत नसत. एरंडोल म्हटलं की त्यांचा घसा बसायचा.

पुढं मी कॉलेजसाठी जळगावला आले. मावशी असोद्याला राहायची, तिथून रोज बसनं जायचे. जळगावच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मुळव्याधीच्या जाहिरातीखाली थोडी जागा उरत असे. पुरवणीचे संपादक स्वतःला फार गंभीर साहित्यिक समजत, सिनेमाच्या गाण्यांचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. पण जागा तर भरायची होती. कॉलेजातल्या माझ्या एका बाईंनी माझं नाव सुचवल्यावर ते म्हणाले, "लिही काही तरी थिल्लर, पण आपल्याकडचं लिही." अशी माझी कारकीर्द सुरू झाली. आजकाल मुलाखत घेणारे विचारतात, तुमची प्रेरणा कोण. मी नम्रपणे नानांचं नाव सांगते. मुळव्याधीची जाहिरात सांगायचं धाडस होत नाही.

आपल्याकडचं म्हणजे दगाजी मास्तर, हे ठरलेलंच होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की मास्तर मुंबई सोडून एरंडोलला परत आले आहेत. मला वाटलं, त्यांच्या तोंडून तो प्रसंग ऐकावा, माऊलीचा एखादा फोटो मिळाला तर पाहावा. घर सापडलं. ओट्यावर एक खूप म्हातारी बाई सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. मी विचारलं, दगाजी मास्तर इथंच राहतात का?

"आठेच राहस. तू कोनी आंडेर शे?"

कोणाची मुलगी ते मी सांगितलं. धुळ्याच्या नानांचं नाव तिला माहीत नव्हतं. मग मी विचारलं, "आजी, तुम्ही मास्तरांच्या कोण?"

"मी त्यानी माय."

हातात वही, मनात श्रद्धांजलीचा पहिला परिच्छेद तयार, आणि समोर माऊली डाळीतले खडे काढते आहे. काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सख्खी?"

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "सख्खी म्हंजे? बजारमाईन आनेल शे का त्याले?"

आवाज ऐकून मास्तर बाहेर आले. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर बंडी, हातात चहाची बशी. मुंबईत बरीच वर्षं काढल्यामुळे बोलणं शहरी. मी त्यांना नानांची गोष्ट सांगितली, जरा घाबरतच. त्यांनी ती शांतपणे ऐकली, आणि म्हणाले, "लाल दिव्यापासून परत सांग बरं." मी परत सांगितली. मग ते म्हणाले, "त्या दिवशी मी स्टुडिओत नव्हतोच. इथं होतो. कानबाईचे रोट होते."

आमच्याकडच्या माणसाला याच्यापुढं काही सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. श्रावणात कानबाई बसते, तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मूठ मूठ गहू घेऊन दळतात, त्याचे रोट होतात, आणि भाऊबंदांनी एकत्र बसून ते संपवायचे असतात. बाहेरच्या माणसाला द्यायचे नाहीत. त्यामुळे ज्याच्या नावाची मूठ पडली तो कुठंही असो, घरी आला पाहिजे. मास्तरांना आदल्या दिवशी निरोप आला होता की उद्या मोठं रेकॉर्डिंग आहे, सुरुवातीचा तुकडा तुमचाच. मास्तरांनी उलट निरोप दिला की घरी रोट आहेत, आणि रात्रीच्या गाडीत बसले. तुकडा दुसऱ्या कोणी वाजवला. गाणं घराघरांत गेलं, पुढची बोलावणीही त्या दुसऱ्यालाच गेली, आणि मास्तर मागच्या रांगेत वाजवत राहिले ते शेवटपर्यंत.

"तुम्ही का बोलावलं त्यांना?" मी म्हातारीला जरा रागानंच विचारलं.

"त्याना नावनी मूठ दळेल व्हती," ती म्हणाली. "कोन खाई मंग?"

मास्तर बशीतला चहा संपवून म्हणाले, "रोट चांगले झाले होते त्या वर्षी." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, निदान मला तेव्हा दिसला नाही. मी हवेत तरंगत बसमध्ये बसले. नानांच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट कितीतरी चांगली होती, शिवाय खरी होती. मुंबईतल्या कुठल्या संगीतकाराचं गाणं, आणि ते कोणी वाजवायचं ते ठरवलं एरंडोलच्या जात्यातल्या मूठभर गव्हानं! माझं वय असं होतं, की खरी गोष्ट चांगली असली म्हणजे ती सगळ्यांना आवडणार असं मला वाटत होतं.

शनिवारी धुळ्याला घरी गेले तर तिथं वेगळाच थाट. दगाजी मास्तर गावाकडे आल्याची बातमी आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकापर्यंतही पोचली होती, आणि निवडणुका जवळ आल्यामुळे त्याचं संगीतप्रेम उफाळून आलं होतं. मास्तरांचा जाहीर सत्कार ठरला होता, मंडप सांगून झाला होता, आणि कापडी फलकावर 'मातृवियोगाचे दुःख गिळून स्वरसाधना करणारे' अशी अक्षरं रंगवून झाली होती. निवेदन नानांचं. एवढं मोठं स्टेज त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं. नवीन सफारीचं कापड पलंगावर पसरलेलं होतं. मी चपला काढता काढताच सांगून टाकलं, की मास्तरांची आई जिवंत आहे.

नाना कापडावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तब्बेत कशी शे तिनी?"

आईला हसू आवरेना. "आते मारनं पडी का तिले?" ती म्हणाली.

मी मात्र हसत नव्हते. मी सांगितलं, की खरं काय ते मी पेपरात लिहिणार आहे. आणि हे बोलताना मला पुरतं कळत होतं, की लेख छापून आला की बसस्थानकावर लोक केबिनकडे बोट दाखवतील ते दुसऱ्याच कारणासाठी. नानांना थापाड्या ठरवायला बाहेरचं कोणी येणार नव्हतं, मीच ठरवणार होते. त्यांनी मला नको म्हणायला हवं होतं, मग मला भांडता आलं असतं. ते एवढंच म्हणाले, "लिख. पन सत्कार व्हऊ दे, मंग लिख." मी कबूल झाले. मला आशा होती की मास्तरच स्टेजवर उभे राहून हसत हसत खरं काय ते सांगतील, लोकही हसतील, आणि सगळ्यांचीच सुटका होईल.

सत्काराच्या संध्याकाळी मास्तर जीपमधून उतरले, आणि त्यांच्या मागोमाग म्हातारी उतरली. लेकाचा सत्कार आहे म्हटल्यावर ती घरी राहायला तयार नव्हती. नानांच्या हातातला माइक खाली पडायचाच बाकी होता. त्यांनी धावत येऊन तिला बायकांच्या रांगेत बसवलं, आईला तिच्या शेजारी बसवलं आणि कानात सांगितलं, "तिनासंगे बोलत राह." नगरसेवक दुष्काळ, गटारी आणि सप्तसूर या तिन्ही विषयांवर बोलला. हार झाले, शाल झाली. नानांनी त्या दिवशी आयुष्यातलं सगळ्यात लहान निवेदन केलं : "आता दगाजी मास्तर आपलं मनोगत व्यक्त करतील." एवढं बोलून ते मागं सरकले.

मास्तर उभे राहिले, गळ्यातला हार सारखा करायला लागले. मागून आवाज आला, "माऊलीनी गोष्ट सांगा!" मग दोन्ही बाजूंनी तेच. मास्तरांनी समोर पाहिलं. एवढी माणसं त्यांच्याकडे पाहत असल्याचं त्यांनी आयुष्यात बघितलं नसावं, मागच्या रांगेतल्या माणसाला ते बघायला मिळत नाही. आणि ते बोलायला लागले. "लाल दिवा लागला होता," ते म्हणाले. मी त्यांच्याच ओट्यावर त्यांना सांगितलेली गोष्ट ते मलाच सांगत होते, आणि नानांपेक्षा चांगली सांगत होते. पुढं त्यांनी त्यात स्वतःचंही घातलं. "घरी कानबाईचे रोट होते," ते म्हणाले, "माझ्या नावाची मूठ दळलेली होती. माय वाट बघत होती. मी गेलो नाही. मी वाजवत राहिलो." त्यांनी अंगावरच्या शालीनं डोळे पुसले. हे त्यांचं नाटक नव्हतं, याबद्दल मी आजही पैजेवर सांगेन. त्या दिवशी ते गाडीत न बसता स्टुडिओत गेले असते तर काय झालं असतं, ते सगळं त्यांना तिथं दिसत होतं. त्याची किंमत म्हणून त्यांनी आई देऊन टाकली, आणि आई पाच हातांवर बसलेली होती. मंडपात एक डोळा कोरडा नव्हता. नगरसेवकसुद्धा रडला, फोटोग्राफर समोर येईपर्यंत थांबून.

मी बायकांच्या रांगेकडे पळाले. म्हातारी पदरानं डोळे पुसत होती.

"आजी, तुम्ही कशाला रडताय?"

"बठ्ठा लोके रडी राहिनात माय," ती म्हणाली, "मी एकलीच कोरडी कशी बसू?"

तेव्हापासून साक्षीदारावर विश्वास ठेवणं मी सोडून दिलं. पुढं या धंद्यात मी पुष्कळ म्हाताऱ्या वादकांना भेटले. एकाच गाण्यातली एकच बासरी आपणच वाजवली असं सांगणारे तिघं-चौघं मला वेगवेगळ्या गावांत भेटलेले आहेत, आणि सगळे सांगताना रडले. मी त्यांच्याकडे चहा घेते, त्यांचं ऐकून घेते, आणि त्या दिवशी त्यांच्या घरी कोणता सण होता ते विचारते.

लेख मी लिहिला. रोटांसकट, डाळीच्या सुपासकट सगळं लिहिलं. फक्त ही गोष्ट मूळ कोणाची, या वाक्याशी आले आणि हात थांबला. मी 'काही निवेदक असे सांगतात' असं लिहून पुढं गेले. नानांचं नाव वाचवलं म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. लेख छापून आला आणि जळगावात माझ्यावर शिव्यांचा पाऊस पडला. एका थोर कलावंताच्या स्वर्गवासी मातेला ही कालची पोरगी जिवंत म्हणते! संपादकांना फार आनंद झाला, मुळव्याधीवाल्यांनी जाहिरात वाढवली. मास्तरांनी कोणाकडून तरी निरोप पाठवला, की लिहिलंय ते खरं आहे, पण कशाला लिहिलंस बाई. नानांनी लेख वाचला, घडी घालून फडताळात ठेवला आणि जेवायला बसले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बसस्थानकावरच्या आवाजात बोलायला लागले. 'जेवण तयार आहे.' 'असोदा गाडी सुटते आहे.' बाकी काही नाही. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचा कार्यक्रम यावलला होता. मी मुद्दाम गेले, आणि स्टेजच्या बाजूला कनातीशी उभी राहिले. ते मेंडोलिनचं गाणं आलं. कीबोर्डवाल्यानं पट्टीवर बोट ठेवलं आणि नेमकी पिन हलली. तो पालथा पडला. लोक खुशीत सरसावून बसले, आता गोष्ट होणार म्हणून. नाना माइकशी आले, म्हणाले, "पुढील गीत सादर होत आहे," आणि गप्प उभे राहिले. गीत सादर होत नव्हतं. कीबोर्डवाल्याचे पाय तेवढे दिसत होते. कोणी तरी ओरडलं, गोष्ट सांगा. नाना समोर बघत उभे. हा माणूस आयुष्यात कधी भगदाडापुढं गप्प राहिला नव्हता, आणि आज त्याला माझ्यामुळे तोंड उघडता येत नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्षणी कोणी विचारलं असतं तर मी खुशाल सांगितलं असतं, की म्हातारी मेली, मी तिला पोचवून आले.

शेवटी पहिल्या रांगेतले पांढरी टोपी घातलेले एक बागायतदार उठून स्टेजवर आले. त्यांनी नानांच्या हातून माइक घेतला आणि गोष्ट त्यांनीच सांगितली. "आपल्या यावलचे दगाजी मास्तर," अशी त्यांनी सुरुवात केली. पुढं माऊलीला साप चावला. मेंडोलिनची सनई झाली. लाल दिव्याचा पत्ता नव्हता. तरी लोक रडायचे ते रडलेच. नाना एका बाजूला उभे राहून ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा असा होता, की घरात चोर शिरलेला दिसतोय आणि ओरडता येत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहात भाकरी बुडवून खात बसले होते. भाकरी तशीच राहिली आणि ते एकदम म्हणाले, "यावलना? दगाजी मास्तर यावलना?"

किती तरी दिवसांनी हा घरातला आवाज मी ऐकला. आई चुलीपुढून वळून बघायला लागली.

"आनि सनई!" नाना म्हणाले. "सनई वाजाडतांना छातीशी कशी धरी कोनी? आनि साप कथाईन वना? त्या बाईले साप चावना नही, कव्हयच नही!"

"ती बाई जित्ती शे," आई म्हणाली.

"ते येगळं. पन मरनी तं अशी नही मरनी! ती गोष्ट मी बनाडेल शे. त्याले काय समजस?" मग ते माझ्याकडे वळले. "तू लिख. पेपरमा लिख."

"नाना, मी लिखेल शे ना."

"काय लिखेल शे? 'काही निवेदक'! मी काही निवेदक शे का?"

तेव्हा मला कळलं. खोटं म्हटल्याचा त्यांना राग नव्हताच. मी ज्याला वाचवणं समजत होते ते त्यांच्या लेखी पुसून टाकणं होतं. मी त्यांना समजावलं, की नाव लिखं तं लोके तुम्हले खोटा म्हनतीन, सगळ्या जिल्ह्यात म्हणतील, रोज केबिनच्या काचेशी येऊन म्हणतील. भाकरीचा तुकडा चहात विरघळून गेला तरी नानांचं लक्ष नव्हतं. ते घाबरले होते, ते मला दिसत होतं.

"म्हनू दे," ते शेवटी म्हणाले. "पन गोष्ट कोनी शे, ते लोकेसले समजाले पाहिजे."

मी तिथंच जमिनीवर पाट ओढून लिहायला बसले, आणि पहिलं वाक्य त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं : 'ही गोष्ट खोटी आहे आणि ती माझ्या वडिलांची आहे.'

नानांनी डोळे मिटून ते ऐकलं, आणि मग स्टेजवरच्या शुद्ध मराठीत मला म्हणाले, "वाक्य उलटं कर. आधी 'माझ्या वडिलांची' येऊ दे, मग 'खोटी'."